‘गेट’चे अर्थ मोजू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा

‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे नेमके अर्थ किती आणि ते पाठ कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो. ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच घोकलेलं पोरगं ‘आय गॉट टायर्ड’पाशी येऊन अडतं. “सर, इथं मिळणे बसंना की!” खरंच आहे त्याचं.

मग मी फळ्यावर आपलं ‘लागणे’ लिहितो. नोकरी लागली, भूक लागली, अर्थ लागला, मला जावं लागेल. हे चार अर्थ त्याला कुणी शिकवलेले नसतात, तरी तो एकदाही चुकत नाही. आणि या चारही जागी इंग्रजीत ‘गेट’ चालतं: आय गॉट अ जॉब, आय गॉट हंग्री, आय गॉट इट, आय हॅव गॉट टू गो. सगळीकडे मात्र ही जोडी जुळत नाही. ‘वेळ लागला’ म्हणायला ‘टेक’च हवं.

पुढे नाम आलं तर बहुधा मिळणं किंवा आणणं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते ‘लातूर गॉट वॉटर बाय ट्रेन’. पुढे विशेषण आलं तर होणं: ‘इट इज गेटिंग हॉट’, म्हणजे ऊन तापायलंय. ठिकाण आलं तर पोचणं: ‘वी गॉट टू औसा’. घरी पोचलो म्हणताना मात्र ‘टू’ नको, नुसतं ‘गॉट होम’.

खरी चूक होते ती पुढच्या रचनेत. बोअरची मोटर जळाली, मेकॅनिककडून भरून आणली, तरी आपण सहज म्हणतो, ‘मी मोटर दुरुस्त केली.’ त्याचंच ‘आय रिपेअर्ड द मोटर’ केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही स्वतः वाइंडिंग केलं. तिथं म्हणायचं, ‘आय गॉट द मोटर रिपेअर्ड’, म्हणजे दुरुस्त करून घेतली. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. कटिंग केली, झेरॉक्स काढली, दाखल्यावर सही घेतली, ही सगळी वाक्यं अशीच बांधून बघा. माझ्या मते ‘गेट’मधलं एवढं एक पक्कं झालं तरी मुलाखतीत बोलताना फार उपयोग होतो.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’ हे जोडशब्द वेगळे, ते एकेक करूनच शिकावे लागतात. परीक्षेतल्या निबंधात किंवा अर्जात मात्र ‘गेट’ कमी वापरा. तिथं ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘रीच’ जास्त शोभतात.