स्लिंगशॉट ड्रॅगस्टरची किट वाकडी जोडली गेली. टाकून देऊ की वाचवता येईल?

टाकू नका. तुम्ही लिहिलंय की मामेभावाने आणलेली १/२५ मापाची स्लिंगशॉट ड्रॅगस्टरची, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीत पळणाऱ्या गाडीच्या प्लास्टिक मॉडेलची, किट जुलैत जोडायला घेतली, चासी अशी चिकटली की पुढचं एक चाक अधांतरी राहतं, क्रोमचे भाग दोन दिवसांत गळून पडले आणि काळ्या रंगावर पांढरट धुकं उतरलं. तीनही गोष्टी सुधारता येतात. मीही इंदूरचीच आहे आणि या तीनही चुका मी केलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, म्हणजे तुमचा हात वाईट आहे असं वाटणार नाही. ड्रॅगस्टर दिसायला सोपी असते, कारण तिला अंगच नसतं. दोन लांब नळ्या, एक इंजिन, चार चाकं. पण लपवायला बॉडी नाही म्हणूनच ती अवघड. नेहमीच्या गाडीत बॉनेट बंद केलं की निम्म्या चुका झाकल्या जातात, इथे प्रत्येक सांधा उघडा. पहिलीच किट म्हणून ही हातात आली हे तुमचं नशीब थोडं कडक, एवढंच.

चासीपासून सुरू करू. खऱ्या स्लिंगशॉटला मागे स्प्रिंग नसतात, मागचा अ‍ॅक्सल चासीला थेट आवळलेला असतो, आणि चालक त्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसतो, गलोलीत दगड ठेवावा तसा. नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे चासीत जरा पीळ असला तर तो शोषून घ्यायला गाडीत काहीच नाही. मॉडेलचंही तसंच. किटमध्ये चासी बहुतेक डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत येते आणि हातात धरून चिकटवली की ती पीळ खातेच.

सांधा चुकीच्या जागी बसला असेल तर बारीक दातांच्या करवतीने तो कापा. प्लास्टिक सिमेंट भाग नुसता चिकटवत नाही, पॉलिस्टायरीन विरघळवून दोन्ही बाजू एकजीव करतं, त्यामुळे ओढून उघडायला गेलात तर नळीच तुटेल. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, तिथला मायक्रोमोटर वापरून बघितला होता. त्याच्या गरमीने प्लास्टिक वितळून डिस्कला गोळा झालं. हातानेच कापा. सांधा बरोबर आहे पण नळी वाकली आहे असं असेल तर पाणी तापवा, वाफा निघू लागल्या की उकळी फुटायच्या आत गॅस बंद करा, भाग दहा-पंधरा सेकंद बुडवा, काचेवर सरळ दाबून धरा आणि तसाच गार पाण्यात घाला. उकळत्या पाण्यात टाकू नका, भाग आकारच सोडतो.

परत जोडताना जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या. तिच्याखाली आलेख कागद ठेवा, मधोमध एक लाल रेघ मारा. चासी त्या रेघेवर बसवा, दोन्ही बाजूंना काड्यापेट्या किंवा लोहचुंबक लावून जखडा, आणि मग पातळ सिमेंट ब्रशने सांध्याला नुसतं टेकवा. ते फटीत आपोआप ओढलं जातं. चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्सल घालून डोळे टेबलाच्या पातळीवर आणून समोरून बघा. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर दिसला की तुमची अर्धी गाडी झाली.

क्रोमचं कारण सोपं आहे. तो खरा क्रोम नाही, प्लास्टिकवर वार्निश आणि त्यावर निर्वात पेटीत चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. सिमेंट त्या थराच्या खाली पोचतच नाही. जिथे चिकटवायचं तेवढ्याच जागेवरचा थर ब्लेडने खरवडा, खालचं प्लास्टिक दिसू द्या, मग सांधा पक्का धरतो. आणि सगळा क्रोम ठेवायची गरजही नाही. किटवाले ब्लोअरपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंप) अ‍ॅक्सलपर्यंत सगळंच चमकवून देतात, खऱ्या गाडीत तसं नसतं. नको असलेला क्रोम काढायला भाग कपड्यांच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी निघालेला असतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या ब्लीचजवळ टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल येऊ देऊ नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. घरात लहान मूल असेल तर हे काम गच्चीवर करा.

पांढरं धुकं म्हणजे पावसाळा. लॅकरमधला द्राव उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगात अडकते. रंग वाया गेलेला नाही. कोरड्या दिवशी त्यावर पारदर्शक लॅकरचा हलका, ओलसर हात मारून बघा, पुष्कळदा धुकं विरून जातं. नाहीच गेलं तर १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून पुन्हा रंगवा. पण घाईने हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणून पुसू नका, तो पॉलिस्टायरीनच खातो. मी एका दरवाज्याचा असा चिखल करून ठेवला होता. बाजारातला स्प्रेचा कुठलाही डबा आधी उरलेल्या स्प्रूवर मारून बघायचा, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर. तिथे प्लास्टिकला बारीक जाळी पडली तर तो रंग थेट गाडीवर नाही.

आपल्याकडचं हवामान या छंदाला वाईट नाही, फक्त त्याचं वेळापत्रक पाळावं लागतं. जून ते सप्टेंबर मी रंगाला हात लावत नाही, इंजिनं आणि चासी करते. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास. दुपारच्या कोरड्या लूत रंग हवेतच सुकतो आणि गाडीवर खरखरीत भुकटी बसते, तेव्हा पहाटे रंगवायचं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सोन्यासारखे. आणि रंगपंचमीला स्प्रेचा डबा कपाटात. आमचं घर राजवाड्यापासून जवळ आहे, गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते त्या दिवशी गुलाल बंद खिडकीतूनही आत येतो. एका वर्षी विलिस गाडीच्या पांढऱ्या मॉडेलवर गुलाबी ठिपके बसले, ते अजून आहेत. सुकत्या बॉडीवर टोपलं पालथं घालायची सवय मला तेव्हापासून लागली.

आता इंजिन. यावर मी जास्त लिहिणार आहे.

माझ्या बाबांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. मी पहिली हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-सुधारून वेगासाठी केलेल्या गाडीचं मॉडेल, पूर्ण केली तेव्हा मोठ्या कौतुकाने त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, गाडी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, ‘‘रंग छान आलाय गं. पण ही सुरू कशी होणार? प्लगला वायरच नाही.’’ मग म्हणाले, ‘‘आणि पेट्रोल कुठून येतं?’’ मी सूचनापत्रकाप्रमाणे सगळं बरोबर जोडलं होतं. पण पत्रक भाग कुठे बसवायचा एवढंच सांगतं, तो तिथे का आहे हे सांगत नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक भाग चिकटवण्याआधी स्वतःला विचारते: हवा कुठून आत येते, इंधन कुठून, ठिणगी कोण देतं, धूर कुठे जातो. या चार वाटा मॉडेलवर बोटाने दाखवता आल्या की गाडी खरी वाटते, रंग थोडा कमी-जास्त असला तरी.

तुमच्या किटमध्ये इंजिनाच्या डोक्यावर जी बरगड्यांची पेटी आहे तो ब्लोअर, बहुधा जीएमसीचा ६-७१ नमुन्याचा. हा आकडा शर्यतीतून आलेला नाही. जनरल मोटर्सचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन होतं, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. टू-स्ट्रोक डिझेलला पिस्टनच्या जोरावर हवा नीट ओढता येत नाही, जळका धूर ढकलून ताजी हवा आत घालायला ब्लोअर लागतोच. हॉट रॉडवाल्यांनी ट्रक-बसच्या इंजिनांवरचे तेच ब्लोअर काढून आपल्या व्ही-८ वर, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांवर, बसवले. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, कारण एवढ्या परक्या गाडीत त्यांच्या धंद्यातली वस्तू निघाली. इंदूरकरांना तसा सुपरचार्जर, म्हणजे असा हवा कोंबणारा पंप, परका नाहीच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग एसजे सुपरचार्जरवाली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. तिचा सुपरचार्जर मात्र सेंट्रिफ्यूगल, पंख्याच्या जातीचा, तुमच्या ब्लोअरसारखा दोन रोटरांचा नव्हे.

ब्लोअर क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. म्हणून पट्टा काळा मॅट रंगवा आणि दोन्ही पुली एका रेघेत आहेत ना ते बघा. पुली तिरकी बसली तर जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते. नायट्रोमिथेनवर चालणारी गाडी असेल तर इंधनाची नळी जाड हवी. एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, नायट्रोला १.७ च्या आसपास, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन ओतता येतं, आणि ते ओतायला तशी नळी लागते. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत ती दाखवा. शिवणाच्या दुकानातलं बारीक गोल काळं इलॅस्टिक यासाठी उत्तम.

१/२५ मापाची एक गंमत लक्षात ठेवा: खऱ्या गाडीतला एक इंच मॉडेलवर जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो. १५० इंचांच्या व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) चासी म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. पाव मैलाची अख्खी शर्यत, १३२० फूट, तुमच्या मॉडेलसाठी सोळा मीटर. प्लगची खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे तुम्हाला ०.३ मिलिमीटरची हवी. महाराणी रोडवर मोटर रिवाइंडिंगची ३० नंबरची तांब्याची तार मागा, ती ०.३१५ ची असते. रंगवली की झालं. प्लगच्या जागी पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, ०.४ चं भोक पाडा. क्रायस्लरचं हेमी इंजिन असेल तर प्लग बाजूला नसतात, झडपांच्या झाकणाच्या मधोमध खाली उतरतात. आठ वायरी मॅग्नेटोतून, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागातून, निघून चार-चार दोन्हीकडे गेल्या पाहिजेत, मोजून घ्या. एग्झॉस्टच्या नळ्यांची तोंडं किटमध्ये भरीव असतात, तीही कोरून पोकळ करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक फार पडतो.

वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, मास्किंग टेप सियागंजात मिळेल. चिमटे मोबाइल दुरुस्तीचे घ्या. सिमेंट आणि मॉडेलचे रंग मात्र ऑनलाइन मागवावे लागतात.

सीटबेल्ट, पॅराशूटची दोरी वगैरे नंतर हौसेने करा. टायरबद्दल एकच सूचना. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर वर्षानुवर्षं पॉलिस्टायरीनच्या रिमला टेकून राहिले की तिला वितळवतात. रिमला बाहेरून पातळ फॉइलची पट्टी लावून मग टायर चढवा.

रंगसंगती निवडताना काळ सांभाळा. इंजिनाच्या मागे चालक बसण्याची पद्धत कायम टिकली नाही. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या ड्रॅगस्टर चालकाच्या पायाजवळचं ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा भाग गेला. बरा होता होताच त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी आखली आणि १९७१ मध्ये तिच्यावर जिंकायला लागला. थोड्याच वर्षांत वरच्या वर्गातून स्लिंगशॉट जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून तुमच्या गाडीवर नंतरच्या काळातल्या प्रायोजकांची डेकल्स (चिकटवायची छापील चिन्हं) लावू नका. हे समजल्यापासून मला स्लिंगशॉट बनवताना चालकाच्या पायाशी असलेल्या, क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. चालकाचे दोन्ही पाय त्याच्या दोन बाजूंना असत.

पुढची किट विचारलीत तर रेव्हेलची १/२५ ची १९३२ ची फोर्ड घ्या. भाग नीट बसतात, बॉडी आहे, तरी इंजिन उघडं ठेवता येतं. हॉट रॉडचा उगम बघायचा तर याच गाडीपाशी जावं लागतं. त्या वर्षी फोर्डने साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ दिलं, २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. पुढे ह्याच गाड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या आणि पोरांनी त्यांचे मडगार्ड काढून, छप्पर कापून त्या पळवल्या. छप्पर तीन इंच उतरवायचं असेल तर तुम्हाला खांबांतून तीन मिलिमीटर कापायचे आहेत. पण ते दुसऱ्या गाडीत, पहिलीत नको.

आता पाऊस चालू आहे तोवर रंगाचा विचार सोडा. या आठवड्यात चासी कापून काचेवर बसवा, मग इंजिन घ्या. वायरी लावून झाल्या की मॅग्नेटोच्या बाजूने फोटो काढून इथेच टाका. आठही मोजून बघते.