राज्यशास्त्रात एमए, पत्रकारितेच्या जागेला अर्ज, आणि छाननीतला 'विषय संबंधित नाही' हा शेरा

पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण हा शेरा मला शब्दन् शब्द ओळखीचा आहे. तुमचं एमए राज्यशास्त्रात, मग म्हापशाला मराठी पेपरात नोकरी, मग वृत्तपत्रं आणि निवडणुका या विषयावर राज्यशास्त्र विभागातूनच पीएचडी, आणि आता कॉलेजात पत्रकारितेच्या असिस्टंट प्रोफेसरच्या जागेला अर्ज केलात तर छाननीतच बाहेर. माझंही असंच झालं होतं. नियम मधेमधे बदलत असतात आणि मी वकील नाही, त्यामुळे हे सगळं माझ्या अनुभवापुरतं धरा.

नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), एमएला ५५ टक्के, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणीचं ज्ञान वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. अडतंय कुठे ते बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरसाठी एमए 'कन्सर्न्ड, रेलेव्हंट किंवा अलाइड' (त्याच, संबंधित किंवा जवळच्या) विषयात हवं असं म्हटलंय. म्हणजे ही अट एमएला चिकटलेली आहे. तुमची पीएचडी पूर्ण पेपरांवर असली तरी छाननीच्या टेबलावर पहिल्यांदा बघतात ते एमएच्या मार्कशीटवर काय लिहिलंय ते. प्रबंध कोण उघडून बघतो. आणि अलाइड म्हणजे नक्की कुठले विषय, याची यादी त्या नियमात दिलेली नाही, इथेच सगळा खेळ आहे.

माझ्या बाबतीत एका ऑफिसने (नाव घेत नाही, गोवा लहान आहे) मला सांगितलं की तुमचा विषय अलाइड आहे असं पत्र आणा. ज्यांच्याकडे पत्र मागितलं त्यांनी सांगितलं, हे ठरवणं आमचं काम नाही, ज्यांनी जाहिरात दिली त्यांनी ठरवायचं. परत पहिल्या ठिकाणी गेले तर साहेब मीटिंगला, मग फाईल वर गेलीय, मग चतुर्थीची सुट्टी, मग 'बाई, तुम्ही कशाला येता, आम्ही कळवतो ना'. कोणीही नाही म्हणत नव्हतं आणि कोणीही एक ओळ लिहून देत नव्हतं. मला आजही चीड येते ती याची. नकार लेखी मिळाला असता तर त्यावर अपील करता आलं असतं, वर दाद मागता आली असती, पण तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर अपील कशाचं करणार? तेवढ्यात इंटरव्ह्यू होऊन गेले, जागा भरली, आणि मी लेक्चर बेसिसवर, म्हणजे दर तासामागे पैसे घेऊन, शिकवत राहिले. पुढे प्रमोशनच्या वेळी कळलं की ती वर्षं धरतच नाहीत. गेस्ट लेक्चरर म्हणून केलेलं काम मोजत नाहीत, आणि कॉन्ट्रॅक्टची वर्षं धरायची तर नेमणूक रीतसर सिलेक्शन कमिटीतून झालेली हवी आणि एकूण पगार रेग्युलर असिस्टंट प्रोफेसरपेक्षा कमी नको. लेक्चरमागे पैसे घेणाऱ्याला हे कुठून जमायचं. एका पत्रापायी माझी इतकी वर्षं गेली, म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून सगळं लेखी. अर्ज द्या, इनवर्ड नंबर (अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक) घ्या, उत्तर नाही आलं तर सरळ आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका आणि छाननी समितीची टिपणी व इतिवृत्त मागा. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. वाईटपणा येईल म्हणून घाबरू नका, गप्प बसणाऱ्याला तरी कुठे कोण बोलावून नोकरी देतं.

पत्रात मुद्दा काय मांडायचा तेही सांगते. 'माझा विषय दोन्हीत बसतो' असं मोघम लिहू नका. पोलिटिकल कम्युनिकेशन, म्हणजे राजकारण आणि माध्यमं यांच्या नात्याचा अभ्यास, हा पत्रकारितेच्याच घरातला विषय आहे हे दाखवा. अजेंडा सेटिंग, म्हणजे लोकांना कुठले मुद्दे महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात हा सिद्धांत, ज्यांनी मांडला ते मॅकॉम्ब्स आणि शॉ दोघेही नॉर्थ कॅरोलायनाच्या पत्रकारिता विभागात प्राध्यापक होते, १९६८च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपेल हिलच्या मतदारांना विचारून त्यांनी तो अभ्यास केला आणि १९७२ला छापला. पत्रकारितेचे प्राध्यापक मतदारांचा अभ्यास करतात आणि तो जगभर पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात, मग आपल्याकडे तो परका कसा? शिवाय आपल्याच घरचं उदाहरण आहे. १६ जानेवारी १९६७चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचं मतदान. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, दोन्ही मराठीच पेपर, आणि निकाल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाच्या विरोधात. त्या दिवसांतले अग्रलेख आणि बातम्या समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय गोव्याचं राजकारण कळत नाही आणि गोव्याची पत्रकारिताही कळत नाही. माझं स्वतःचं काम यावरच आहे म्हणून जरा जास्त बोलतेय, पण खरंच, हे काम नुसतं राज्यशास्त्राचं म्हणणाऱ्याने त्या फायली उघडून बघितलेल्या नसतात.

आता माझं स्पष्ट मत, काहींना पटणार नाही. पत्रांच्या मागे धावताना बाजूने पत्रकारितेचं एमए करून टाका. इग्नूचं डिस्टन्सचं आहे, गोव्यात रीजनल सेंटर आहे, नोकरी सांभाळून होतं. लोक म्हणतील पीएचडी झाल्यावर परत एमए कशाला, म्हणू देत. मार्कशीटवर पत्रकारिता आली की छाननीतला तो प्रश्नच संपतो. नेटही मग मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझममधून द्या, नेटच्या विषयांच्या यादीत त्याचा कोड ६३. आणि ज्यांची पीएचडीची नोंदणी अजून व्हायचीय त्यांनी हे आधीच करा, कारण २०२२पासून दोन डिग्र्या एकदम करता येतात ती सवलत पीएचडीला नाही. कोणी सांगेल २०२५च्या जानेवारीत यूजीसीने नवीन मसुदा काढलाय, त्यात विषयाची अट सैल आहे. मसुद्यावर अर्ज करता येत नाही हो, जाहिरातीच्या वेळी जो नियम लागू तोच धरतात.

नोंदणी करणाऱ्यांना अजून एक, गाईडची रिटायरमेंट विचारून घ्या. तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. लाज वाटते विचारायला, पण विचारा. आणि पैसे घेऊन पेपर छापणाऱ्या जर्नलपासून लांब राहा, यूजीसीची केअर लिस्ट (मान्य जर्नलांची यादी) २०२५मध्ये बंद झाल्यापासून यांचे मेसेज फारच वाढलेत.

जुन्या पेपरांचं काम चालू ठेवणार असाल तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत सकाळी जा. आठवड्यातला प्रत्येक वार वेगवेगळ्या आठवड्यांतून घेऊन नमुना काढा, सलग सात दिवस घेतले तर एखाद्या मोठ्या बातमीनेच सगळा आठवडा भरून जातो. प्रत्येक नोंदीला तारीख, पान, कॉलम तिथल्या तिथे लिहा, आणि थोडा भाग दुसऱ्या कोणाकडून तरी कोड करून (म्हणजे बातम्यांचं वर्गीकरण करून) घ्या, नाहीतर व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तुमच्या जाहिरातीचं कात्रण आणि शेऱ्याची प्रत असेल तर नावं झाकून मेसेज करा, पत्राचा मसुदा मी बघून देते. अपीलाची मुदत चालू असेल तर आधी ते, एमएचं नंतर बघू.