रेल्वेचे जुने नकाशे जमवायला निघालायस तर एकच लाइन धर

प्रिय दोस्ता,

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रेल्वेचे नकाशे, टाइमटेबलं, जमिनीच्या जाहिराती असं सगळंच जमवायचं म्हणतोयस, पण सगळं नको रे, एकच लाइन धर. मिनियापोलिसला आहेस तर नॉर्दर्न पॅसिफिक घे, त्या कंपनीचं जुनं दप्तर शेजारी सेंट पॉलला मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत आहे, आधी तिथे जाऊन अस्सल कागद डोळ्यांखालून घाल, मगच खिशात हात घाल.

या लाइनीत मजा का आहे सांगतो. 1864 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कंपनीला चार्टर (सनद) दिलं, सोबत जमीन, राज्यांत मैलामागे 20 सेक्शन आणि टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात, 40, एक सेक्शन म्हणजे 640 एकर. ही जमीन सलग नव्हती, बुद्धिबळाच्या पटासारखी एक चौकोन कंपनीचा, पुढचा सरकारचा. ती विकायची, बाँड खपवायचे, म्हणून पत्रकं आणि नकाशे निघाले. बाँड खपवत होता जे कूक नावाचा बँकवाला, सप्टेंबर 1873 मध्ये त्याचीच पेढी बुडाली आणि पूर्वेकडून आलेले रूळ डाकोटात बिस्मार्कला अडकले ते कितीतरी वर्षं. (जर्मन पैसा यावा म्हणून गावाला थेट जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचंच नाव दिलेलं!) शेवटचा खिळा मोंटानात ठोकला तो सप्टेंबर 1883 मध्ये.

म्हणजे बघ, 1872 च्या नकाशावर लेक सुपीरियरपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड खाडीपर्यंत अखंड रेघ दिसली तर मधला बहुतेक भाग तेव्हा नुसता कागदावर होता. कोपऱ्यातली खुणांची यादी वाच, तयार लाइन आणि ठरलेली लाइन वेगळी दाखवलीय की एकाच जाडीत ओढलीय ते बघ, कारण नकाशा कोणी, कोणाला, काय विकायला छापला ते तिथेच कळतं आणि माझ्या मते त्याची खरी किंमतही तिथेच आहे. विरोधकही कमी नव्हते, 1884 च्या निवडणुकीत डेमोक्रॅट लोकांनी पोस्टर काढलं, त्यात रेल्वेला दिलेल्या जमिनीचे अख्खे पट्टे भरून टाकले, मधले सरकारचे चौकोनसुद्धा! असे दोन कागद शेजारी ठेवता आले तर काय बहार येईल.

टाइमटेबलात वेळ कुठल्या गावची ते बघ. 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वेंनी स्टँडर्ड टाइम, म्हणजे एका पट्ट्यातल्या सगळ्या गावांना एकच वेळ, आणला, त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या शहराची वेळ छापायची, त्यामुळे तारीख फाटलेली असली तरी अंदाज लागतो.

नकलांपासून जप. युनियन पॅसिफिक रेल्वेचं 1869 चं उद्घाटनाचं पोस्टर आणि बर्लिंग्टन रेल्वेचं 1872 चं जमिनीचं पोस्टर यांच्या नव्या छापील प्रती ढिगाने फिरतात. भिंग लाव, रंगात एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली की सोडून दे, जुन्या लिथोत (दगडावरून केलेल्या छपाईत) दाणा असतो पण तो असा मोजूनमापून आखलेला नसतो.

खिशातले घडीचे नकाशे घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथेच आधी फाटतात, त्यावर सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबातच नाही, अॅसिड-फ्री फोल्डरमध्ये सपाट ठेव.

पहिली वस्तू घ्यायच्या आधी मला फोटो पाठव, पुढचा, मागचा आणि घडीचा जवळून.

तुझा,
काका