राजीनामा देऊ नका भाऊ, आधी ईएसआयसीचं कार्ड बाहेर काढा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, एकाच कंपनीत १४ वर्षं, पगार १९,५००, त्यात बेसिक १२,०००. शुगर जुनी, आठ महिन्यांपासून किडनी फेल, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. विचारतात की किडनीवर अपंगत्वाचं सर्टिफिकेट किती टक्क्यांचं मिळेल आणि संजय गांधी निराधारची पेन्शन लागेल का. शेवटी दोनच ओळी आहेत, या महिन्यात राजीनामा देतोय, पीएफचे सव्वाचार लाख येतील, त्यातले तीन लाख एजंट "अपंगत्व कव्हर"वाल्या एकरकमी पॉलिसीत टाकू म्हणतो.

भाऊ, विचारलेलं आधी उरकतो. किडनीवर सर्टिफिकेट मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, आपल्या विदर्भातला सिकलसेल त्यात आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्सही आहेत, पण किडनी, हार्ट, शुगर, कॅन्सर नाहीत. आजाराने जे नुकसान केलं ते मात्र मोजतात, म्हणजे शुगरने नजर गेली किंवा पाय कापावा लागला तर. तुम्हाला डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, तो मेडिकलला किंवा मेयोत, म्हणजे नागपुरातल्या सरकारी रुग्णालयात, दाखवाच, पण एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तरी ३० टक्केच धरतात, आणि लागतात ४०. समजा ४० भरले, तरी घराचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. वहिनींच्या डब्यांचे महिन्याला सात हजार येतात म्हणजे वर्षाचे ८४ हजार झाले, तुम्ही घरी बसलात तरी बसत नाही. आणि हे सगळं महिना २,५०० साठी.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रासोबत डायलिसिसच्या पावत्यांचा फोटो पाठवलाय, एका वेळचे १,८०० रुपये, म्हणजे महिन्याचे साडेपंधरा हजार, आठ महिन्यांत सव्वा लाख खिशातून गेले. त्याच फोटोत पावत्यांखाली पगाराची स्लिप दिसते आणि तिच्यावर ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात आहे! दर महिन्याला पैसे कापले जातायत आणि तुम्ही खाजगीत पैसे भरताय. डायलिसिस ईएसआयसीत फुकट होतं, सोय नसेल तर ते टायअपच्या हॉस्पिटलला पाठवतात. शिवाय दीर्घकाळ चालणाऱ्या ३४ आजारांची त्यांची यादी आहे, त्यात किडनी फेल्युअर आहे. कामावर जाता येत नाही असं त्यांच्या डॉक्टरने लिहून दिलं, दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी कपात झालेली असली, की पहिले ९१ दिवस ७० टक्के आणि पुढे ८० टक्के पगार मिळतो, दोन वर्षांपर्यंत. म्हणजे महिन्याला साधारण १३,६०० आणि नंतर १५,६००. कुठे ते २,५०० आणि कुठे हे.

राजीनामा दिला की हे कव्हर काही महिन्यांत संपतं. पीएफसोबतचा विमाही जातो. हे लिहिताना मला जड जातंय पण सांगायला हवं, नोकरीत असताना तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पगारावर घरच्यांना सहा लाखांच्या आसपास मिळतात, मुलगी अजून दहावीत आहे हो. आणि पुढे कायमचं, पूर्ण काम बंद झालं तर पीएफच्या पेन्शन योजनेत अपंगत्वाची पेन्शन आहे, पण तीही नोकरीत असताना अपंगत्व आलं तरच. आजारपणासाठी पीएफमधून पैसे हवेत तर राजीनामा न देता ॲडव्हान्स निघतो.

एजंटने कागदावर "हमखास" लिहून त्याला दोनदा गोल केलाय. अशा पॉलिसीतलं अपंगत्व बहुतेक वेळा फक्त अपघाताचं असतं. फॉर्मवर आजाराचा प्रश्न असतो, त्याला विचारा तिथे डायलिसिस लिहिणार का. लिहिलं तर तुम्हाला पॉलिसी मिळणं अवघड, नाही लिहिलं तर क्लेमच्या वेळी वहिनींनी फेऱ्या मारायच्या आणि तोवर तीन लाख अडकलेले. डायलिसिसवरच्या माणसाला हे विकायला निघालेत याची मला खरंच चीड येते. त्याला नाही म्हणून सांगा, कारण द्यायची गरज नाही.

सोमवारी डायलिसिसचे रिपोर्ट, आधार आणि ईएसआयसीचं कार्ड घेऊन तुमच्या कार्डावरच्या दवाखान्यात जा, तिथून सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात पाठवलं तर तिथे जा, रजेचं सर्टिफिकेट त्यांच्याच डॉक्टरचं घ्या, खाजगीचं नुसतं चालत नाही. आणि राजीनाम्याचा कागद एचआरकडे गेला असेल तर मंजूर व्हायच्या आत, आजच, लेखी मागे घ्या आणि पोच घ्या.