त्या रात्री तुम्ही काय बोललात?

प्रिय ताई,

गेली सहा वर्षे मी एका ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळातील गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या संघाचा, प्रमुख आहे. आठवड्यातून दोन रात्री आम्ही २५ जण एकत्र येऊन रेड, म्हणजे खेळातल्या बलाढ्य शत्रूंवर, ‘बॉस’वर, चढाई करतो. कोण येणार, कोणाची हजेरी किती, कोणाला कोणते शस्त्र हवे आहे, याची स्प्रेडशीट मीच ठेवतो आणि नव्या माणसांना शिकवतोही मीच. जवळजवळ पाच महिने झगडून तीन आठवड्यांपूर्वी आम्ही शेवटचा बॉस पाडला. त्यातून पडलेले धनुष्य आम्ही अधिकाऱ्यांनी दीड महिन्यापूर्वी आलेल्या एका तिरंदाजाला दिले, कारण त्याचे डॅमेजचे, म्हणजे शत्रूला केलेल्या इजेचे, आकडे सर्वांत चांगले होते. दुसऱ्याच दिवशी तो ते घेऊन मोठ्या गिल्डमध्ये गेला. तेव्हापासून जुने लोक माझ्यावर पक्षपाताचा आरोप करत आहेत आणि सहा जण सोडून गेले आहेत. माझा भाऊ म्हणतो, ज्यांचे चेहरेही पाहिले नाहीत त्यांच्यासाठी कसला जीव जाळतोस. लूट वाटण्याची एखादी न्याय्य पद्धत आहे का, की गिल्ड बरखास्तच करून टाकू? आमचा जुना हीलर, म्हणजे लढाईत जखमी खेळाडूंना बरे करणारा, असता तर त्याने सगळ्यांना सांभाळून घेतले असते, पण तो चार महिन्यांपासून येत नाही. त्याच्या शेवटच्या रात्री बॉसचा जीव तीन टक्क्यांवर असताना आम्ही हरलो होतो आणि रागाच्या भरात मी त्याला काहीतरी बोललो असेन. असो. धनुष्याच्या प्रकरणात माझे काय चुकले, ते सांगा.

– एक थकलेला गिल्डप्रमुख

उत्तर

तुमच्या पत्रात आकड्यांची वानवा नाही. तिरंदाज कधी आला, किती जण सोडून गेले, बॉस किती टक्क्यांवर होता, हे सगळे तुम्हाला बिनचूक आठवते. मग एकाच ठिकाणी तुमची आठवण अंधूक का होते? ‘बोललो असेन.’ मराठीत हे ‘असेन’ आपण दोन वेळा वापरतो: खरोखरच ठाऊक नसते तेव्हा, आणि पक्के ठाऊक असलेली गोष्ट तोंडातून निघत नाही तेव्हा. चार महिन्यांपूर्वीचे तीन टक्के ज्याच्या लक्षात आहेत, त्याला त्याच्या पुढच्या मिनिटात आपण काय बोललो ते आठवत नाही, हे मला पटत नाही. त्यावर तुम्ही लगेच ‘असो’ लिहून विषयही बंद केला आहे. मी तो बंद होऊ देणार नाही.

धनुष्याचे आधी उरकते, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. लुटीच्या वाटणीचा हा वाद तुमच्या गिल्डपेक्षा पुष्कळ जुना आहे. १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ सुरू झाला, तेव्हा डझनांनी खेळाडू मिळून एक ड्रॅगन मारत आणि त्यातून जेमतेम दोन-चार वस्तू पडत, म्हणून खेळाडूंनीच हजेरीला गुण देण्याची आणि त्या गुणांवर वस्तू मागण्याची ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही पद्धत बसवली. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, त्यात ४०-४० जणांच्या रेड होऊ लागल्या आणि वाटणीचा अधिकार बहुधा प्रमुखाच्या हाती गेला. २०१८ मध्ये त्या खेळाने प्रमुखाचा हा अधिकार काढून घेतला आणि ज्याची वस्तू थेट त्याच्या हातात पडू लागली, तर २०२२ मध्ये रेडमध्ये पुन्हा फासे टाकून वाटणी सुरू झाली. इतकी वर्षे इतक्या लोकांनी डोके लढवूनही ज्याचे सर्वांना मान्य उत्तर निघाले नाही, ते माझ्याकडेही नाही. आकडे पाहून तुम्ही धनुष्य दिलेत आणि घेणारा निघून गेला. हे वाईट झाले, पण यात गिल्ड मोडण्याजोगे काही नाही.

गिल्ड मोडते आहे ती दुसऱ्याच जागी. मी स्वतः अशाच एका खेळात सात वर्षे हीलर होते, म्हणून त्या खुर्चीवरून काय दिसते ते तुम्हाला सांगते. तुम्ही सगळे ड्रॅगनकडे पाहत असता. हीलर पडद्याच्या एका कोपऱ्यात मांडलेल्या २५ छोट्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत असतो. प्रत्येक पट्टी म्हणजे एका खेळाडूचा उरलेला जीव, तिच्यावर त्याचे नाव असते, ती पट्टी मध्येच अर्धी होते, मध्येच पिवळी पडते, आणि एकाच वेळी तीन पट्ट्या घसरू लागल्या की अडीच सेकंदांचा एक मंत्र त्यांतल्या कोणावर टाकायचा, हे अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळात ठरवावे लागते. ज्या ड्रॅगनशी आम्ही महिनोन्महिने झुंजलो, त्याचे पंख तांबूस होते हे मला पुढे एका मैत्रिणीने काढून ठेवलेली चित्रफीत पाहताना कळले. कोणी आगीत उभा राहून मारा करत राहतो, कोणाला बाजूला सरकायला एक क्षण उशीर होतो, पुढे राहून मार झेलणारा टँक ढाल वेळेवर उचलत नाही, आणि या सगळ्यांच्या चुकांची भरपाई हीलरच्या मॅनामधून, म्हणजे मंत्रशक्तीच्या साठ्यातून, होत राहते. बॉस तीन टक्क्यांवर येईपर्यंत तो मॅना संपलेला असतो. हरल्यावर लॉग, म्हणजे लढाईची नोंद, उघडला की त्यात कोणाचा तरी मृत्यू ठळक दिसतो, तो पाहून सगळ्यांच्या मनात हीलरच येतो, आणि त्याआधी आठ मिनिटे त्याने कितीदा कोणाला वाचवले, ते पाहायला त्या वेळी कोणालाच सवड नसते.

त्या रात्री तुम्ही नेमके काय बोललात ते मला ठाऊक नाही. मला कोणते वाक्य ऐकावे लागले, ते मात्र आठवते. ‘तू झोपली होतीस का?’ एवढेच ते वाक्य होते, आणि व्हॉइस चॅटवर सर्वांसमोर ते म्हटले गेले. मी माइक बंद केला, त्या रात्रीचे उरलेले चार प्रयत्न पुरे केले, सर्वांना बरे केले, आणि पुन्हा गेले नाही. कोणी विचारले नाही. दोन दिवसांत माझ्या जागी नवा हीलर आला. तो प्रमुख वाईट माणूस नव्हता. तोही तुमच्यासारखाच रात्र रात्र तक्ते भरत बसायचा आणि नव्या मुलांना न कंटाळता शिकवायचा. त्याने त्या आठवड्यात मला एक ओळ लिहिली असती, तर मी पुढच्याच रेडला हजर झाले असते. आज इतक्या वर्षांनंतर मी तिकडे परत जाणार नाही, पण ती ओळ आली तर आजही मला हवी आहे.

हीलर होणारी माणसे कशी असतात, याचे एक जुने उदाहरण आहे. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार नावाच्या बॉसचा एक संसर्गजन्य शाप, जो फक्त त्या लढाईपुरता असायला हवा होता, खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर आला आणि शहरांतून पसरला. कमी लेव्हलची पात्रे क्षणात मरू लागली आणि रस्त्यांवर सांगाड्यांचा खच पडला. पुष्कळ जण पळाले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला, आणि काही हीलर मात्र आपण होऊन गर्दीत थांबले व अनोळखी लोकांना बरे करत राहिले. त्याबद्दल त्यांना ना गुण मिळणार होते, ना वस्तू. साथीच्या रोगांच्या अभ्यासकांनाही ही घटना इतकी बोलकी वाटली की २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर लेख आला. तुमचा हीलर याच जातकुळीतला असावा, असे तुमच्याच वाक्यावरून दिसते. ‘सगळ्यांना सांभाळून घेतले असते,’ असे तुम्ही त्याच्याविषयी लिहिता. म्हणजे पट्ट्यांखेरीज तो माणसेही सांभाळत होता आणि तुमच्या स्प्रेडशीटमध्ये त्याला रकाना नव्हता.

आता तुमचेच आकडे तुमच्यापुढे ठेवते. तो असताना तुम्ही बॉसला तीन टक्क्यांवर आणले होते. तो गेल्यावर तेच तीन टक्के पार करायला तुम्हाला तीन महिने लागले. हे तुम्हाला दिसले नाही, पण त्या रात्री व्हॉइस चॅटवर असलेल्या इतरांना दिसले, आणि त्यांना त्याहून जास्तही दिसले. वर्षानुवर्षे साथ देणारा माणूस एका वाक्यावर निघून जातो, प्रमुख त्याला साधी विचारपूसही करत नाही, आणि तीन महिन्यांनी सर्वांत मोठी वस्तू दीड महिन्याच्या पाहुण्याला मिळते. जुन्या माणसांनी आपली किंमत यावरून काढली. ते धनुष्याविषयी भांडत आहेत, कारण धनुष्याविषयी भांडता येते. ‘उद्या मी गेलो तर मला कोणी शोधेल का,’ हे व्हॉइस चॅटवर विचारता येत नाही. सहा जणांनी ते न विचारताच त्याचे उत्तर गृहीत धरले. इतके राबूनही लोक कृतघ्न निघाले, असा सूर तुमच्या पत्रभर आहे. तुम्ही राबलात यात शंका नाही, आणि तरीही या बाबतीत तुमची बाजू घ्यायला मी तयार नाही.

तुमच्या भावाचे म्हणणेही चुकीचे आहे, एवढेच त्याविषयी सांगते. नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य आजाराने २०१४ मध्ये २५व्या वर्षी गेला. आपल्या मुलाचे आयुष्य एकाकी गेले, असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर त्याच्या निधनाची बातमी लिहिली, तेव्हा निरनिराळ्या देशांतून त्याच्या गिल्डमधील लोकांची पत्रे येऊ लागली, आणि त्यांतले काही जण अंत्यविधीला आले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मॅट्सने कठीण काळात धीर दिला होता, हे घरच्यांना तेव्हा कळले. चेहरा पाहिलेला नसला तरी नाते खरे असू शकते, आणि म्हणूनच त्या नात्यात दिलेली जखमही खरी असते. ‘खेळच तर आहे’ असे भावाला म्हणू द्यायचे नाही आणि हीलरच्या वेळी मात्र ‘असो’ म्हणून पुढे जायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

म्हणून पद्धत आणि बरखास्ती, दोन्ही बाजूला ठेवा आणि आज रात्री त्या माणसाला पत्र लिहा. खेळातल्या टपालाने पाठवू नका. चार महिने जो लॉगइन झालेला नाही, त्याला ते दिसणार नाही, आणि कित्येक खेळांत न वाचलेले टपाल ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसे होते. व्हॉइस चॅटच्या ॲपवर त्याचे नाव अजून तुमच्या यादीत असेल, तिथे लिहा. पहिल्या ओळीत ते वाक्य जसेच्या तसे लिहा, जे तुम्ही त्याला बोललात. दुसऱ्या ओळीत ते चूक होते असे लिहा. तिसऱ्या ओळीत, इतके दिवस विचारले नाही ही त्याहून मोठी चूक झाली, असे लिहा. ‘तुला वाईट वाटले असल्यास’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. ती ‘असेन’चीच बहीण आहे. धनुष्य, सोडून गेलेले सहा जण, मोडकळीला आलेली गिल्ड, यांतले काहीही त्यात नको, आणि ‘परत ये’ तर मुळीच नको. भांडणे मिटवायला माणूस हवा म्हणून माफी मागितली, असे त्याला क्षणभरही वाटले, तर तुम्ही त्याला पुन्हा कामालाच लावलेत असे होईल.

आणि जे २५ जणांच्या देखत बोललात, ते २५ जणांच्या देखतच मागे घ्यावे लागेल. पुढच्या रेडला, पहिला बॉस सुरू करण्यापूर्वी, माइक चालू करून तेच वाक्य आणि त्यावरची तुमची चूक सर्वांना सांगा. जे नवे आले आहेत त्यांनाही ते ऐकू द्या. मग रोजच्यासारखी रेड सुरू करा, त्यावर चर्चा नको.

त्याचे उत्तर कदाचित येणार नाही. या चार महिन्यांत त्याच्या घरी, त्याच्या नोकरीत, त्याच्या प्रकृतीत काय झाले आहे, यातले तुम्हाला काहीच माहीत नाही. उत्तर नाही आले तर दुसरे पत्र पाठवू नका, पण यादीतून त्याचे नावही काढू नका.

हे दोन्ही करून झाल्यावरही धनुष्याविषयी विचारायचे राहिले असेल, तर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात, तुम्ही त्याला काय बोलला होतात ते मलाही लिहून कळवा.