क्रूझ निवडताना लॉयल्टीच्या फायद्यांना किती महत्त्व द्यावं?

तुम्ही लिहिलंय की एकाच कंपनीच्या क्रूझने दोनदा जाऊन आलात, आता दुसऱ्या कंपनीची तशीच 4 रात्रींची क्रूझ माणशी 11 हजारांनी स्वस्त मिळतेय, पण जमलेले पॉइंट सोडवत नाहीत. सोडा. दोघांचे मिळून 22 हजार रुपये समोर दिसतायत आणि तुम्ही अजून हातात न आलेल्या वरच्या दर्जाच्या मेंबर-कार्डासाठी ते घालवायला निघालात.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कृषी केंद्र आहे. समुद्र आमच्यापासून लांब, पण पॉइंट, स्कीम, सिल्व्हर-गोल्ड हा प्रकार मी 26 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूने बघतोय. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव सरकार ठरवतं, तिथे फार खेळता येत नाही. खरा खेळ फवारणीच्या औषधांत आणि टॉनिकांत. कंपनीचा माणूस मार्चमध्येच येतो, पुढ्यात कागद ठेवतो: इतक्या पेट्या उचलल्या तर इतके पॉइंट, इतके पॉइंट झाले तर बँकॉक, त्याच्या वर सिंगापूर आणि क्रूझ. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे कीटकनाशक कोणत्याही कंपनीच्या बाटलीत इमिडाक्लोप्रिडच असतं. पण ज्या वर्षी टूरला 40 पेट्या कमी पडत होत्या, त्या वर्षी मी शेतकऱ्याच्या हातात कोणती बाटली दिली असेल ते सांगायला नको. ती महाग होती. हे मी आज कबूल करतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही. स्कीम गिऱ्हाइकाचे आभार मानायला नसते, त्याने दुसरीकडे भाव विचारू नये म्हणून असते. माझ्या बाबतीत ती तशीच चालली. तुमच्या बाबतीतही चालली, नाहीतर 22 हजारांचा फरक दिसल्यावर तुम्हाला हा प्रश्नच पडला नसता.

माझी पहिली क्रूझ मी त्याच टूरमध्ये केली. सोबत विदर्भातले चाळीसेक दुकानदार, 3 रात्री, सगळा खर्च कंपनीचा. त्यावर काही लिहीत नाही. खरं सांगायचंय ते दुसऱ्या क्रूझचं.

माझा मोठा भाऊ नागपूरला असतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. त्याचा मुलगा अमेरिकेत. दादा आणि वहिनी दरवर्षी तिकडे जातात आणि तिथून क्रूझ करतात, कधी कधी वर्षात दोन. त्यामुळे एका कंपनीत त्याचं बरंच वरचं कार्ड झालंय. आई गेली त्या वर्षी वहिनीच म्हणाल्या की चौघं मिळून कुठेतरी जाऊ, नाहीतर आता भेटायचं ते फक्त लग्नाकार्यात. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, जानेवारीत जाऊ. कापूस निघालेला असतो, दुकानात गर्दी नसते, बायकोचे गुडघेही तेवढे दुखत नाहीत.

दादाने ठरवलं मेच्या शेवटच्या आठवड्यात. का, तर त्या तारखेच्या क्रूझला त्याच्या कार्डावर मेंबरचा दर होता आणि वर बोटीवर वापरायचं 50 डॉलरचं क्रेडिट. मी दोनदा सांगितलं, दादा, ते दिवस बियाण्याच्या गाड्या उतरायचे असतात. तो म्हणाला, "मुलगा आहे ना दुकानात? आणि माझ्या कार्डाचा फायदा सगळ्यांनाच होईल." मी गप्प बसलो. मोठ्या भावापुढे पैशाचा विषय लांबवायची आमच्या घरात रीत नाही.

सिंगापूरच्या टर्मिनलवर त्या कार्डाचा पहिला फायदा दिसला. दादा आणि वहिनी वेगळ्या रांगेत गेले आणि दहा मिनिटांत आत. आमची खोली वेगळी, नावावर काहीच पॉइंट नाहीत, म्हणून आम्ही मोठ्या रांगेत. सव्वा तास. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, बसायला जागा नव्हती, ती बॅगेच्या दांड्याला धरून उभी होती. दादाने आतून फोन केला, "अरे, त्यांचा नियम आहे, मी काय करू? या आरामात." नियम खरा होता. कार्डाचा मान बहुतेक कंपन्यांत त्या माणसापुरता किंवा त्याच्या खोलीपुरता असतो, सोबत आलेल्या भावाला तो लागत नाही. हे दादाला माहीत असणार, इतक्या क्रूझ केल्यात त्याने. बायको मला एवढंच म्हणाली, "कार्ड त्याइचं हाय, रांग आपली हाय. चाला." चारही दिवस त्यावर ती पुन्हा बोलली नाही.

संध्याकाळी तसंच. वरच्या कार्डवाल्यांसाठी वेगळं लाउंज होतं, तिथे पेयं फुकट, खायला काहीबाही. दादा-वहिनी साडेपाचला तिथे जायचे ते जेवायच्या वेळेला बाहेर यायचे. आम्हाला आत प्रवेश नाही. आम्ही दोघं डेकवर बसायचो. सूर्यास्त छान दिसायचा, ते नाकारत नाही. पण चौघांनी सोबत बसावं म्हणून एवढा खर्च केला होता, आणि संध्याकाळ हीच बसून बोलायची वेळ असते. वहिनी एका संध्याकाळी लाउंज सोडून आमच्यात येऊन बसल्या. दादा आला नाही. म्हणाला, "मिळतंय ते सोडायचं कशाला?"

जेवणाचं तर विचारू नका. माझी बायको माळकरी. बुफेत वरण-भात होता, एक भाजीही असायची, पण शेजारच्या मांसाच्या भांड्यातला डाव उचलून लोक भाजीत घालायचे. ते तिने पाहिलं आणि ताट ठेवून दिलं. चार दिवस ब्रेड, फळं, दही. घरून नेलेल्या तिखट पुऱ्या आणि जवसाची चटणी चढतानाच काढून घेतली होती, कारण घरी शिजवलेलं बोटीवर चालत नाही. (बंद पाकिटातलं चालतं. तुमच्या घरी कुणाचं पथ्य असेल तर लक्षात ठेवा.) त्याच काळात सिंगापूरहूनच दुसरी एक बोट सुटत होती, तिच्यावर शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय होती. मी ती सुचवली होती. दादाचं उत्तर होतं, "तिथे माझं काहीच स्टेटस नाही."

आता दुकानाचं. पारवा गावाकडचे एक काका 19 वर्षं माझ्याकडून बियाणं नेत होते. त्यांचं वाण मी वेगळं काढून मागच्या खोलीत ठेवायचो, ते बसने यायचे, उधारीवर न्यायचे आणि कापूस निघाला की फेडायचे. कधी तारीख चुकली नाही. मी बोटीवर असताना ते आले. मुलाला मागच्या खोलीतल्या थैल्यांचं मी सांगितलंच नव्हतं. त्याने नाही म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "भाऊ नाहीत काय? मंग पाहतो," आणि गेले. बोटीवरचं वायफाय महाग, मी घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दादाने स्वतःच्या कार्डावर मिळालेलं एक दिवसाचं फुकट वायफाय मला वापरायला दिलं, तेव्हा मुलाकडून कळलं. त्या कार्डाचा मला झालेला एवढा एकच उपयोग, आणि तो मी विसरलेलो नाही. पण तोवर काकांनी दुसऱ्या दुकानातून बियाणं घेतलं होतं. मी नंतर दोनदा त्यांच्या घरी गेलो, चहा पाजला त्यांनी, नीट बोलले. दुकानात मात्र पुन्हा आले नाहीत. त्यांच्याकडे माझं कसलं कार्ड नव्हतं. मी माल राखून ठेवतो एवढा भरवसा होता, आणि तो मी 50 डॉलरच्या क्रेडिटसाठी मोडला.

परत आल्यावर या कार्डांचा मी नीट अभ्यास केला, कारण दादाशी बोलायला मुद्दे हवे होते. तुमची कंपनी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून उदाहरणादाखल सांगतो. रॉयल कॅरिबियन या कंपनीत साध्या खोलीत एका रात्रीला एक पॉइंट, सुइट म्हणजे मोठी महागडी खोली घेतली तर दोन. डायमंड हा दर्जा मिळतो 80 पॉइंटवर, डायमंड प्लस 175 वर, सगळ्यात वरचा पिनॅकल 700 वर. रोजची फुकट पेयं डायमंडपासून. तुमच्या दोन क्रूझच्या 8 रात्री झाल्या. वर्षाला 4 रात्री धरल्या तर डायमंडला अजून 18 वर्षं लागतील. प्रिन्सेस या कंपनीत कपडे फुकट धुऊन मिळतात, फायदा चांगला आहे, पण त्यासाठी साधारण 15 क्रूझ किंवा 150 दिवस आधी व्हावे लागतात. खालच्या पायऱ्यांवर जे मिळतं ते जास्त करून सवलतीची कूपनं, म्हणजे आणखी खर्च करायचं निमंत्रण. आमच्याकडे दहा लिटरवर एक लिटर फुकट असतं ना, तेच.

आणि नियम त्यांच्या हातात. कार्निव्हल या कंपनीने 2025 मध्ये जाहीर केलं की जून 2026 पासून दर्जा रात्रींवर नाही, खर्चावर ठरणार. ज्यांनी वर्षानुवर्षं स्वस्त खोल्या घेऊन रात्री जमवल्या त्यांनी काय करायचं? याहून वाईट म्हणजे कंपनीच बसते. मुंबईहून 2019 मध्ये जलेश क्रूझेस सुरू झाली, 'कर्णिका' नावाची मोठी बोट, आपल्याकडच्या लोकांनी हौसेने केली. ऑक्टोबर 2020 मध्ये बंद. बोट अलंगला तोडायला गेली. हाँगकाँगची ड्रीम क्रूझेस 2022 च्या सुरुवातीला बुडाली. तिची 'गेंटिंग ड्रीम' ही बोट त्याच वर्षी जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली पुन्हा चालू झाली. बोट तीच, कंपनी दुसरी. पॉइंट जमवत बसलेल्यांनी हे बघून ठेवावं.

उलट बाजूही आहे. एमएससी ही क्रूझ कंपनी कित्येक वर्षं दुसऱ्या कंपन्यांचं किंवा हॉटेलचं कार्ड दाखवलं की त्यावरून आपल्याकडे दर्जा जुळवून देत आलीय. म्हणजे जे मिळवायला लोक दहा-दहा वर्षं घालवतात ते दुसरी कंपनी गिऱ्हाईक ओढायला एका अर्जावर देते. मग त्या कार्डाची किंमत किती समजायची?

बोट निवडताना मी आधी तारीख बघेन, मग जेवण, मग बंदरापर्यंतचा प्रवास. घाटंजीहून सिंगापूर म्हणजे आधी नागपूर, मग विमान, मग बहुतेक वेळा दुसरं विमान, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातच दोन दिवस जातात. मुंबईला मात्र धामणगावला विदर्भ एक्सप्रेसमध्ये संध्याकाळी बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून क्रूझचं टर्मिनल टॅक्सीने जवळच. खोली लिफ्टजवळ मागायची, हे वयस्कर माणूस सोबत असेल तर कोणत्याही कार्डापेक्षा उपयोगाचं. आणि चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअरची मदत बुकिंग करतानाच मागून ठेवायची, त्याला कार्ड लागत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर तो सव्वा तास वाचला असता.

दोन गोष्टी राहिल्या. दोन्ही कंपन्यांचा भाव, तारीख, जेवण सारखंच असेल तर खुशाल जुनीकडे जा, आधीचा मेंबर नंबर बुकिंगला जोडायला विसरू नका. आणि तुम्ही बंदराजवळ राहत असाल, वर्षात दोन-तीनदा जात असाल, दारू-पेयांवर तुमचा बराच खर्च होत असेल, तर वरच्या कार्डाचा हिशोब खरंच बसतो. दादाचा बसतो. तो एकटा वहिनीसोबत जातो तेव्हा त्याने तीच कंपनी धरावी, माझी काही हरकत नाही. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही म्हणून मी सरळ सोडा म्हटलं. दुसऱ्या कंपनीच्या दरात बंदराचा कर आणि बोटीवरची रोजची टिप धरली आहे का, तेवढं मात्र पैसे भरायच्या आधी विचारा. 22 हजारांतले काही त्यात जाऊ शकतात.

दादा हे वाचेल, माझी उत्तरं तो वाचतो. दादा, हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं, चार वर्षं झाली, जमलं नाही. जानेवारीत मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' बोट बघतोय, तिच्यावर शाकाहारीची वेगळी सोय आहे, आपल्या दोघांच्याही घरच्यांना जमेल असं तिकीट आहे. तिथे तुझंही काही स्टेटस नाही आणि माझंही नाही, चौघं एकाच रांगेत उभे राहू. विदर्भचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर लागायच्या आत फोन कर, चार बर्थ काढतो.