वाचक विचारतात : कपाशीवरचा ढेकूण आणि वादळातली कोंबडी

मागच्या अंकात हातात कॅमेरा धरून काढलेले किड्यांचे फोटो छापले आणि त्याच अंकात ‘वादळी बाता’ या पानासाठी लोणकढी थापा मागवल्या. परिणामी टपालाची सरमिसळ झाली आहे. डिफ्यूझरबद्दल (फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या पडद्याबद्दल) विचारताना काही वाचकांनी खाली वावटळीत उडालेली म्हैसही जोडली आहे. आम्ही दोन्ही विषय एकाच बैठकीत उरकतो, कारण दोन्हींत वारा आहेच.

प्रश्न : १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स असलेला डीएसएलआर आहे. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) परवडत नाही. कपाशीवरचे किडे काढायचे आहेत. आधी काय घ्यावं? (वाचक, चोपडा)

उत्तर : ५५-२५० च्या तोंडावर क्लिपने बसणारं ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोज-अप भिंग घ्या. ते दोन भिंगं चिकटवून केलेलं, म्हणजे अ‍ॅक्रोमॅट असावं. एकेरी काचेच्या स्वस्त भिंगात फोटोच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि ती नंतर नीट काढता येत नाही.

हिशेब सोपा आहे. १००० ला ८ ने भागलं की १२५ मिमी, हे भिंगाचं नाभीय अंतर. लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरवर, फोकस करून ठेवायची आणि झूमचा आकडा १२५ ने भागायचा. १२५ वर किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उमटतो, २५० वर दुप्पट. तुमचा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद आहे. दीड सेंटिमीटरचा लाल ढेकूण १२५ वर दोन तृतीयांश चौकट भरतो, २५० वर मावतच नाही. तेव्हा सुरुवात १०० ते १२५ च्या दरम्यान करा.

‘मोठा दिसू दे’ म्हणून सगळे पहिल्याच दिवशी २५० ला जातात आणि हात पोळून घेतात. कारण स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढी पट्टी धारदार येते ती. एफ १६ ला (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) १२५ वर ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. २५० वर तीच एक षष्ठांश मिलिमीटरवर येते, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीहून कमी. एवढ्या पट्टीत डोळा धरायचा आणि तोही उभ्याने, हातात! एफ २२, एफ ३२ करून खोली वाढेल, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळं चित्रच मऊ पडतं, डोळ्यांवरची जाळी पुसली जाते.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, तुमच्या झूमला फारशा कामाच्या नाहीत. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचा आकडा, एवढीच वाढ मिळते. ५० मिमीच्या लेन्समागे ३६ मिमीची ट्यूब लावली तर ०.७२ पट, २५० मागे तीच लावली तर जेमतेम सातवा हिस्सा. १८-५५ उलटी लावण्याची युक्ती स्वस्त आहे खरी, पण लेन्सची मागची काच उघडी पडते. एप्रिल-मेच्या आपल्या फुफाट्यात ते करू नका.

प्रश्न : फ्लॅश लावूनही मुंगीच्या कडेला दुसरी अंधूक मुंगी दिसते. कॅमेरा बिघडलाय का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : कॅमेरा धडधाकट आहे. एकाच फोटोत दोन उजेड पडलेत, एक फ्लॅशचा आणि एक उन्हाचा. फ्लॅश १/१६ ताकदीवर असला तर त्याचा लखलखाट बहुतेक साध्या फ्लॅशमध्ये १/१०,००० सेकंदाच्या आसपास संपतो. मुंगी त्यात गोठते. पण शटर १/२०० सेकंद उघडं असतं आणि तेवढ्या वेळात ऊन आपला वेगळा, हललेला फोटो काढतं.

तपासायची रीत : फ्लॅश बंद करा, बाकी काहीही न बदलता एक फोटो काढा. चौकट काळी किंवा जवळपास काळी आली पाहिजे. दुपारी आयएसओ १००, १/२००, एफ १६ ठेवलं तरी भर उन्हातला फोटो फक्त एक स्टॉप काळवंडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे ऊन भरपूर उरतं. शटर आणखी वेगवान करायला जाल तर फ्लॅशची मर्यादा आडवी येते आणि चौकटीत काळा पट्टा पडतो. उपाय जुनाच, छत्री. ती आधी उघडून रोपावर सावली धरा, मिनिटभर थांबा, मग कॅमेरा पुढे न्या. किडा डोळ्यासमोर असताना छत्री उघडलीत तर फोटोला फक्त पान उरेल.

प्रश्न : ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा चट्टा येतो. डिफ्यूझर घरी कसा करावा? (वाचक, साक्री)

उत्तर : चकचकीत पाठीचे किडे म्हणजे आरसेच. ढालकिड्याच्या पाठीवर तुमचा डिफ्यूझर जसाच्या तसा उमटतो. फोटो मोठा करून पाहा. कागदाला घडी असेल तर ती घडीसुद्धा त्या लाल पाठीवर आडवी रेघ म्हणून दिसेल. म्हणून चट्टा घालवायचा नसतो, पसरवायचा असतो.

सामान स्टेशनरीच्या दुकानात मिळतं : ए-४ मापाचा २ मिमी जाडीचा पांढरा फोम शीट, दोन ट्रेसिंग पेपर, हातभर व्हेलक्रो, रबर बँड. फोम शीटची पन्हळ करून फ्लॅशच्या डोक्याभोवती व्हेलक्रोने बांधा, म्हणजे पुढचं टोक लेन्सच्या तोंडावरून किड्याकडे झुकेल. पन्हळीच्या आत, फ्लॅशपासून चार बोटं पुढे, पहिला ट्रेसिंग पेपर आडवा लावा. दुसरा अगदी टोकाला लावा आणि तो किड्याच्या बाजूला किंचित बाकदार ठेवा.

दोन कागदांमधलं अंतर हाच यातला जीव. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर ते एकाच जाड कागदासारखे वागतात, मधोमध जळका ठिपका राहतो आणि कडा काळ्या. अंतर ठेवलं की पहिल्या कागदावरून पसरलेला उजेड दुसऱ्याचा सगळा पृष्ठभाग भरतो. तरीही मध्यभाग जास्त पेटत असेल तर पहिल्या कागदाच्या बरोबर मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा आणखी एक ट्रेसिंगचा तुकडा चिकटवा. टोकाचा कागद किड्यापासून दहा सेंटिमीटरच्या आत आला पाहिजे. मोठा डिफ्यूझर लांब ठेवला तर किड्याच्या लेखी तो छोटाच.

स्वयंपाकघरातला बटर पेपर चालतो, पण त्याने रंग पिवळट येतो, आणि दवात भिजला की सुरकुततो. फ्लॅश १/८ ते १/३२ च्या दरम्यान ठेवा. त्याच्या वर गेलात की लखलखाट लांबतो, चार्ज व्हायला वेळ लागतो आणि लागोपाठ चार फोटो काढता येत नाहीत.

प्रश्न : केळीच्या बागेच्या बांधावर फोटो काढतो. वारा थांबतच नाही. ट्रायपॉड आणावा का? (वाचक, रावेर)

उत्तर : ट्रायपॉडने कॅमेरा थांबेल, गवताची काडी थांबणार नाही. इथे हातच बरा. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत किड्याच्या खालची काडी धरा आणि लेन्सचं तोंड त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. आता वारा आला तर काडी, हात आणि लेन्स एकत्र हलतात आणि मधलं अंतर तेच राहतं. ऑटोफोकस बंद. फोकसच्या कड्याला हात लावायचा नाही. श्वास अर्धा सोडून कमरेतून किंचित पुढे झुकायचं आणि डोळा धारदार दिसण्याच्या क्षणाच्या जरा आधी बटण दाबायला लागायचं, कारण बोटाला वेळ लागतो. चार-पाच फोटो सलग. त्यांतला एक लागला तरी तो दिवस चांगला.

हात पोचत नसेल तर बांबूच्या काडीला कपड्याचा चिमटा बांधून ती काडी जमिनीत रोवा आणि चिमट्यात देठ पकडा. किड्यापासून चार बोटं खाली पकडायचं, वर पकडलंत तर तो धक्का ओळखतो.

वेळ : डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यापासून तासाभरात. गारठ्याने किडे आखडलेले असतात, चतुराच्या पंखांवर दव असतं आणि तो ऊन लागेपर्यंत हलत नाही. कपाशीत औषध फवारलं असेल तर त्या वावरात शिरू नका, शेतकऱ्याला विचारूनच जा. बांधावर गुडघे टेकण्याआधी काठीने गवत झोडपून घ्या. खाली फुरसं असू शकतं.

प्रश्न : वादळात कोंबडीची पिसं उपटली जातात, असं आजोबा सांगायचे. थाप की खरं? (वाचक, शिरपूर)

उत्तर : निम्मं-निम्मं. ही बात जगभर सांगितली जाते आणि एका माणसाने ती मोजूनही पाहिली. ४ फेब्रुवारी १८४२ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मेफिल्ड या गावी टोर्नेडो झाला आणि त्यानंतर पिसं गेलेल्या कोंबड्यांची चर्चा झाली. एलियास लूमिस या प्राध्यापकाने नुकतीच मारलेली कोंबडी तोफेत भरून आकाशात उडवली. वेग निघाला तासाला ३४१ मैल. पिसं निघाली, पण कोंबडीच्याही चिंध्या झाल्या. म्हणजे वारा त्याहून बराच कमी असला पाहिजे, असं त्यांनी अनुमान काढलं. पुढे १९७५ साली हवामानशास्त्रज्ञ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी दाखवून दिलं, की पीस किती घट्ट बसलंय हे पक्ष्याच्या प्रकृतीवर आणि घाबरण्यावरही अवलंबून असतं, तेव्हा कोंबडी हे वारा मोजायचं यंत्र नव्हे. त्याबद्दल त्यांना १९९७ चा इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार) मिळाला.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे ‘हरिकेन’ आलं आणि केळी आडवी झाली. लोक वावटळ म्हणतात. नेमकं काय? (वाचक, यावल)

उत्तर : दोन्ही नाही. हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच जातीची भावंडं. समुद्र बदलला की नाव बदलतं. त्यांना २६ अंशांहून जास्त तापलेला समुद्र लागतो, आणि जमिनीवर चढली की वाफेचा पुरवठा तुटून ती दमतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि उत्तर महाराष्ट्राकडे येईस्तोवर त्याचा जोर उतरला होता.

वावटळ उलट, निरभ्र दुपारी तापलेल्या जमिनीतून वर उठते, डोक्यावर ढग नसतो आणि थोड्या वेळात विरते. केळी पाडतो तो वळवाच्या ढगातून धाडकन खाली कोसळून जमिनीवर पसरणारा गार वारा. खूण बागेतच मिळते. झाडं एका दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर फाकून पडली असतील तर हा कोसळता वारा. एकमेकांवर तिरपी-आडवी, आत वळून पडली असतील तरच फिरत्या वाऱ्याचा संशय घ्या. केळीला उथळ मुळं, शेंड्याला जड घड आणि शिडासारखी पानं, त्यामुळे ती आडवी व्हायला फार वारा लागत नाही. नुकसानीचे फोटो काढताना एक उंचावरून काढा आणि चौकटीत पडण्याची दिशा दिसेल असं बघा.

प्रश्न : ‘वादळी बाता’साठी पाठवलेली थाप परत आली. काय चुकलं? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : तुमच्या थापेत म्हैस उडाली, घर उडालं, गाव उडालं आणि शेवटी तुम्हीही उडालात. फार झालं. एकाच जागी फुगवायचं, बाकी सगळं मापात. वार, वेळ, विहिरीची खोली, पत्र्यांची संख्या खरी वाटली पाहिजे. सांगणाऱ्याने हसायचं नाही. या वेळी निवडलेली धुळ्याची थाप एका ओळीची आहे : “असं वारं उनं का म्हसनं वाकडं शिंग सरय व्हई गयं!” (असं वारं आलं की म्हशीचं वाकडं शिंग सरळ होऊन गेलं) आणि पुढे सांगणारा तक्रार करतो, की आता दावं घसरतं. ते दावं घसरणं म्हणजे फोटोतला डोळा, तेवढं स्पष्ट असलं की बाकी धूसर चालतं.

प्रश्न : चतुर खाली घिरट्या घालायला लागले की वादळ येतं का? (वाचक, पाचोरा)

उत्तर : वादळ त्यांच्यामुळे येत नाही, ते वाऱ्यासोबत येतात. पिवळसर रंगाचे जे थवे पावसाळ्यात दिसतात, ते बहुतांशी ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’. डबक्यात वाढणारी ही जात मोसमी वाऱ्यांवर लांबचा प्रवास करते. २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या नोंदींवरून मांडलं, की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. ही मात्र थाप नाही. फोटोसाठी उडत्याच्या मागे धावू नका, संध्याकाळी ते काडीला लोंबकळून विसावतात. सेन्सर पंखांना समांतर धरा, नाहीतर एकच पंख स्पष्ट येतो.

प्रश्न : मृगाचा किडा लाल डाग होऊन येतो. (वाचक, भडगाव)

उत्तर : लाल रंग जळतोय. उजेड दोन तृतीयांश स्टॉपने कमी करा, मग मखमलीतले केस दिसतील. आणि मथळ्यात ‘कीटक’ लिहू नका, पाय मोजा, आठ आहेत.

प्रश्न : किडा फ्रीजमध्ये ठेवून काढला तर? (वाचक, जामनेर)

उत्तर : ओळखू येतो. पाय पोटाशी दुमडलेले असतात. छापत नाही.